घरातल्या घरात

२००८च्या मार्गशीर्षात तृप्ती मखमलाबादला गोटीरामच्या फुलमळ्यात परत आली. वर्षभरापूर्वी तिच्या संशोधन केंद्रानं गोटीरामच्या आणि त्याच्या बहिणीच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त नेलं होतं, कारण या कुटुंबात तीन पिढ्या शुगर होती. आता पुन्हा नमुने हवे होते. पण अंगणात झेंडूच्या माळा लागल्या होत्या आणि गोटीरामची सुवर्णा नव्या साडीत पाटावर बसली होती. "बरोबर साखरपुड्यालाच आल्या, मॅडम!" गोटीरामची बहीण नवसाबाई म्हणाली. सख्ख्या भावाची मुलगी ती सून करून घेत होती. गोटीरामनं बँडेज बांधलेला पाय खुर्चीखाली ओढला. त्याचा अंगठा दिवाळीतच काढला होता. "बाहेरून स्थळं येत होती," तो हळूच म्हणाला, "पण तुमची गाडी येऊन रक्त घेऊन गेली, हे गावभर झालं. यांच्या रक्तातच काहीतरी हाय म्हणत लोक माघारी फिरले. मग म्हटलं, घरातल्या घरातच करू." शुगरचा धोका वाढवणारं तेच जनुक नवऱ्या मुलाच्या आणि सुवर्णाच्या, दोघांच्याही रक्तात सापडलं होतं. निकाल कुणाला सांगायचे नाहीत, असा केंद्राचा नियम होता. तरीही तृप्तीनं तोंड उघडलं. "मावशी, हे लग्न..." तेवढ्यात नवसाबाईनं पुड्यातली चिमूटभर साखर तिच्या तोंडात घातली. "तुमच्यामुळंच जमलं बघा," ती हसून म्हणाली. "आता बारशालाही यायचं. सुया घरी ठेवून."