दगड मारणारा

पुण्याच्या इंटरनॅशनल शाळेत समाजशास्त्र शिकणारी हर्षाली बोरी गावात, आमच्या बौद्धवस्तीत आली. गावातल्या चांगदेव पाटलांची ही नात. जातिभेदावर तिला प्रोजेक्ट करायचं होतं. तिने मोबाइल माझ्यापुढे ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

“आजी, तुम्ही लहानपणी शाळा का सोडली?”

“वाटेत पोरं दगड मारायची गं. एक कपाळाला लागला, मग आईनं मला धाडलंच न्हाई.”

“तो दगड कुणी मारला होता?”

पोरीच्या तोंडाकडे पाहून मला खरं सांगवेना.

“लई वर्षं झाली, बाय. आता कुठं ध्यानात ऱ्हातंय?”

तरी ती उठेना.

 

“आजोबा म्हणालेत, ‘आजींनी माझं नाव घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस.’”