एकशे बारा पावलं

हातखंब्याला आत्मारामचं कुत्र्यांच्या पैदाशीचं केंद्र. फाटकावर मोठी पाटी, 'आमची कुत्री रोज दोन तास मोकळी धावतात.' गिऱ्हाइकांना हेच सांगून सांगून आता त्यालाही ते खरंच वाटायचं.

त्याची साखर वाढली, तशी दमयंतीने नवऱ्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि आकडा आपल्या मोबाईलवर दिसेल अशी सोय केली. चालायचा कंटाळा म्हणून आत्मारामने केंद्रावर पोचताच ते घड्याळ गुपचूप एका लॅब्राडोरच्या पट्ट्याला अडकवलं आणि दिवसभर खुर्चीत पेपर वाचला. संध्याकाळी ते परत मनगटावर चढवून तो ऐटीत घरी आला.

दमयंतीने दारातच मोबाईल पुढे धरला.

"एकशे बारा पावलं? दिवसभर पिंजऱ्यात बसला होतात काय हो?"