सोमवारचं औषध

घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून रक्षिताच्या माहेरचं कुणी उचगावातल्या त्या भाड्याच्या खोलीकडं फिरकलं नव्हतं. नवरा ट्रकवर, एकदा गेला की आठ-आठ दिवस बाहेर. बाळाला न्यूमोनिया झाला, तेव्हाही दवाखान्यात ती एकटीच त्याच्या उशाशी बसून होती.

बाळ बरं झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारून त्याला एका अभ्यासात घेतलं. काही तान्ह्या बाळांना झिंकचं औषध द्यायचं, काहींना नुसतंच गोड सिरप, आणि सर्दी-खोकला कुणाला कमी होतो ते बघायचं. कुणाच्या बाटलीत काय, हे शेवटीच कळणार होतं.

मग त्या अभ्यासासाठी दर सोमवारी दवाखान्यातल्या स्नेहल सिस्टर घरी यायला लागल्या. बाळाची छाती तपासायच्या, श्वास मोजायच्या, आणि जाताना रक्षिताला हटकून विचारायच्या, "तू जेवलीस का न्हाय गं?"

अख्खा हिवाळा गेला, पण बाळाची छाती पुन्हा भरली नाही.

शेवटच्या सोमवारी सिस्टर हसत म्हणाल्या, "तुझ्या बाटलीत झिंक नव्हतंच बघ! नुसतं गोड सिरप हुतं. तरी पोरगं कसं ठणठणीत हाय! आता औषध बंद, आन् माझं येणंबी बंद."

रक्षितानं मान हलवली. सिस्टर चपला घालायला लागल्या, तसा तिनं त्यांचा पदर धरला.



"बाळाचं औषध बंद केलंसा तरी चालंल, सिस्टर. माझं तेवढं चालू ठेवा की."