अप्पांचा रथ

व्हीलचेअर घरात येऊन सहा महिने झाले होते आणि तिच्यावर फक्त अप्पांचा टॉवेल वाळत होता. "ढकलत न्यायला मी काय म्हातारा झालोय?" असं माझ्या वडिलांचं म्हणणं. पाय चालत नव्हते, म्हणून ते घराबाहेरच पडत नव्हते.

माझी बायको काठमांडूची, तिथल्या नेवार समाजातली. तिने एकदा कॅलेंडर पाहिलं.

"अप्पा, गुरुवारी तुम्हाला सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस होतात. आमच्याकडे या वाढदिवसाला माणसाला रथात बसवून गावभर ओढतात. मग तो देव होतो."

"आणि नाही बसला तर?"

"माणूसच राहतो."

गुरुवारी तिने अप्पांच्या कपाळाला दही, तांदूळ आणि कुंकवाचा लाल टिळा लावला आणि खुर्चीला झेंडूच्या माळा बांधल्या. रथ ढकलायचा नसतो, म्हणून मी पुढून दोरी ओढली. चौकातल्या न्हाव्याने हात जोडले, तेव्हा अप्पांनी त्याला आशीर्वाद दिला.

शुक्रवारी सकाळी अप्पा आंघोळ करून आपणहून खुर्चीत बसले होते. मी दोरी आणली.

"दोरी राहू दे," ते म्हणाले. "ढकल नुसतं."