जिन्याचं वळण

"एवढ्यावर वारसा म्हणता येणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळपासून तो वारसा समितीच्या या मॅडमना इमारत दाखवत होता. सत्तर वर्षांपूर्वीची, पेठेतली पहिली दुमजली. खाली दुकानं, वर कचेऱ्या. पण गोल सज्ज्याला मालकानं पत्रे ठोकले होते आणि जुन्या खिडक्या कधीच भंगारात गेल्या होत्या. समितीनं नाही म्हटलं की मालक इमारत पाडणार, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

"नव्या इमारतीत मागच्या बाजूला गाळा देतायत ना मालक? घ्या की मुकाट्यानं," बायकोनं दहादा सांगून पाहिलं होतं. "कशाला वाकडं घेता त्यांच्याशी?"

"बाबांनी थाटलेलं दुकान आहे. मी इथंच बसणार."

मालकाच्या तोंडावर त्यानं गाळा नाकारला. तेव्हापासून मालक त्याला पाण्यात पाहत होता.

मॅडमनी पिशवी खांद्याला लावली. चष्मेवाल्याला राहवलं नाही.

"थांबा मॅडम. जिना तुम्ही वरूनच पाहिलात. खालचं वळण माझ्या फळ्यांमागे आहे."

जिन्याखाली बाबांनी फळ्या लावून हे दुकान थाटलं, तेव्हा तो शाळेत होता. आता त्यानं चष्म्याच्या फ्रेमा भराभर खोक्यात भरल्या, स्क्रू काढले, एकेक फळी उतरवली. मागून हिरव्या-पांढऱ्या मोझेइकचं डौलदार वळण बाहेर आलं. इतकी वर्षं झाकलेलं, तरी कुठे टवका उडालेला नाही.

मॅडम बघतच राहिल्या. "याच्या जिवावर इमारत वाचेल," त्या म्हणाल्या. "समितीचे बाकीचे लोक बघून जाईपर्यंत असंच राहू द्या."

दारात उभा असलेला मालक नाक मुरडून निघून गेला. चष्मेवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढचा महिनाभर तो फुटपाथवर टेबल टाकून बसला. उन्हानं चेहरा रापला, गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. बायको कुरकुरली, पण त्यानं मनावर घेतलं नाही. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न होता.

मॅडम निर्णय घेऊनच आल्या. इमारत वाचली होती. दुकानदारांनी चष्मेवाल्याच्या पाठीवर थापा मारल्या, कुणीतरी चहा सांगितला. त्याचे डोळे भरून आले. भिंतीला टेकवलेली पहिली फळी त्यानं उचलली आणि स्क्रू दातांत धरले.

"अहो, ते आता लावू नका," मॅडम आपुलकीनं म्हणाल्या. "जिना मूळ रूपात मोकळाच ठेवायचाय. बरं झालं, दुकान तुम्ही स्वतःच हलवलंत. नाहीतर आम्हाला तोडायला माणसं आणावी लागली असती."