आबांचं नाक

"आबा, तुमचं नाक रिटायर झालं का?" मृदुला हसली. धुराच्या वासावरून शर्यतीच्या गाड्यांच्या पेट्रोलचं प्रमाण जुळवणारे तिचे वडील आज स्वतःच सायलेन्सरच्या नळीत तेच प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बसवत होते.

वायर मीटरला जोडून त्यांनी गाडी चालू केली. पेट्रोलचा भपका आला तशी मृदुलानं नाकाला ओढणी लावली. आबा मात्र नळीपाशीच वाकून निवांत मीटर वाचत होते. "पेट्रोल जास्त जातंय, नाही गं?" त्यांनी तिला विचारलं. असं त्यांनी आजवर कधीच कुणाला विचारलं नव्हतं. तापातून उठल्यावर त्यांना करपलेल्या आमटीचा वासही आला नव्हता, हे तिला आठवलं.

तेवढ्यात गाडीचा मालक आला. "आबा, हे यंत्र कशाला? नाकाला काय झालं?"

आबांच्या हातातला पाना थबकला.

"मीच बसवायला लावलंय," मृदुला म्हणाली. "मला कुठं त्यांच्यासारखा वास कळतो?"