करून बघितल्याशिवाय

चष्मेवाल्याने दुपारच्या डुलकीचे फायदे सांगणारा लेख ग्रुपवर टाकला आणि फोन काउंटरवर उताणा ठेवला. थोड्या वेळाने निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे दोघांनीही वाचलं. उत्तर मात्र नाही. महिना होत आला, बेकरीवाला आणि किल्लीवाला तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

ग्रुप तिघांचाच. शाळेपासूनची मैत्री; वाचनात काही बरं आलं की एकमेकांना पाठवायचं. पण बेकरीवाल्याने एकदा नळ चकचकीत करायची युक्ती पाठवली आणि चष्मेवाल्याच्या घरचा नळ काळाठिक्कर पडला. तेव्हा चष्मेवाल्यानेच नियम घातला: आधी स्वतः करून बघायचं, मग पाठवायचं. पुढे किल्लीवाल्याने एक तेल लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी टकलावर केस उगवल्याची दवंडी पिटली, म्हणून आणखी एक कलम आलं: प्रयोग संपेपर्यंत कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही.

दोघांनी नियम इमानेइतबारे पाळला. उलटं चालल्याने गुडघे सुधारतात, हा लेख किल्लीवाल्याने फुलवाल्याच्या बादलीत पडून मगच पाठवला. वर लिहिलं, ‘गुडघ्याला फरक आहे. बादल्या सांभाळा.’ बेकरीवाल्याने मेंदू तल्लख व्हावा म्हणून आठवडाभर डाव्या हाताने केकवर नावं लिहिली. एका नवरीला स्वतःचं नाव वाचता येईना. अशी सोन्यासारखी माणसं, आणि आता शब्द नाही.

“तुम्हीच काहीतरी बोलला असाल,” बायको म्हणाली. “तुमच्या जिभेला हाड नाही.”

चष्मेवाल्याला आठवलं, तो केक बघून आपण पोट धरून हसलो होतो. मन खायला लागलं. दुकान तसंच टाकून तो बेकरीत गेला. बेकरीवाल्याने हसून स्वागत केलं, गरम पाव हातात ठेवला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

“माझे लेख मिळतात ना रे?” चष्मेवाल्याने विचारलं.

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. भट्टीपाशी वाकून तो उगाचच पाव उलटसुलट करत बसला. किल्लीवाल्याकडेही तीच तऱ्हा. त्याने तर गिऱ्हाईक नसताना मशीन सुरू केलं.

चष्मेवाला समजायचं ते समजला. संध्याकाळी त्याने फोन घेऊन लिहिलं, ‘तुम्हाला माझा कंटाळा आला असेल तर मी ग्रुप सोडतो.’ डोळे भरून आले. स्वतः चष्मेवाला, पण स्वतःचीच अक्षरं दिसेनात. बोट बटणावर नेलं, तेवढ्यात फोन वाजला. लगेच पुन्हा वाजला.

दोघांनी एकच लेख पाठवला होता: ‘महिनाभर मित्रांच्या एकाही मेसेजला उत्तर देऊ नका. मैत्री घट्ट होते.’

खाली बेकरीवाल्याची टीप: ‘करून बघितलं. जीव कासावीस झाला. तुझ्या डुलकीवर लिहायला बोटं नुसती शिवशिवत होती.’ किल्लीवाल्याची: ‘शंभर टक्के खरं. पुन्हा करणार नाही.’ चष्मेवाल्याचे लेख रोज येत असल्यामुळे ग्रुप भरलेला वाटायचा; आपल्यासारखाच दुसराही गप्प आहे, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

चष्मेवाला हसला, मग रडला, मग त्याने दोघांना मनसोक्त शिव्या लिहिल्या. आणि पाठवायच्या आधीच पुसून टाकल्या. लेख फार चांगला होता. मेव्हण्याला तर हमखास पाठवण्यासारखा. पण करून बघितल्याशिवाय पाठवणार कसा? त्याने फोन पालथा घातला आणि समाधानाने झोपी गेला.

सकाळी तो दुकान उघडायला आला तर दोघं पायरीवर उभे. बेकरीवाल्याच्या हातांना पीठ तसंच होतं. किल्लीवाल्याच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

“रात्रभर तुझं उत्तर नाही,” बेकरीवाला म्हणाला. “आमचं काय चुकलं रे?”